अठरा पूर्ण झाल्यावर

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आमचे सर्व गुरुजन, आणि पंचेचाळिशी आली तरी मागच्याच बाकांवर जाऊन बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील संधी'. तुमची मुलं आता दहावी-बारावीला आहेत, कोणती ब्रँच घ्यावी, एआयमुळे नोकऱ्या राहतील का, हे प्रश्न मला कळतात. पण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि मीही जेवणाच्या पंगतीत हवं तितकं बोलेन. माझ्या वाट्याची वीस मिनिटं मात्र मी दुसऱ्या मुलांसाठी मागून घेतली आहेत. त्यांना कोणी करिअर मार्गदर्शनाला बोलावत नाही. 'तू मोठेपणी काय होणार?' हा प्रश्न सगळ्या मुलांना विचारतात, पाहुणे तर फारच विचारतात, पण या मुलांना तो कोणी विचारत नाही. पाहुणा त्यांच्या गालाला हात लावतो आणि आईकडे बघून 'बरा आहे ना आता?' म्हणतो, जणू काही ताप आला होता.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो इथेच आहे, तिकडे बिर्याणीच्या पातेल्याजवळ उभा आहे, कारण वाढायला कधी घेणार हे त्याला कळून घ्यायचंय.

आपल्या शाळेच्या काळात अशी मुलं नव्हती असं नाही. भिसेगावात, गुंडग्यात, दहिवलीत प्रत्येक आळीत एखादा होता. त्याला खरं नाव असायचं, पण त्या नावाने त्याची आईच तेवढी हाक मारायची. बाकीच्यांनी ठेवलेलं नाव वेगळं. तो पाणी भरायचा, गुरं वळायचा, लग्नात खुर्च्या मांडायचा, आणि हे मला फार उशिरा लक्षात आलं की तो कामच करत होता. फक्त त्या कामाला पगार नव्हता, आणि ते काम त्याला कोणी ठरवून शिकवलेलंही नव्हतं. तेव्हा शब्द होता 'मतिमंद'. कायद्यातही तोच अर्थ होता. १९९५ चा अपंगांचा कायदा आला तेव्हा त्यात सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्यात एकवीस झाले आणि शब्द झाला 'बौद्धिक अक्षमता'. शब्द बदलल्याने काय होतं, असं आमचे एक काका म्हणतात. थोडं होतं. निदान फॉर्म भरताना हात थांबत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांत बौद्धिक अक्षमतेचे सुमारे १५ लाख. घरच्यांनी सांगितलं तेवढेच हे. आपल्या लोकलच्या पट्ट्यात अपंगत्व ओळखायला आपण शिकलोय. वांगणीत कितीतरी दृष्टिहीन कुटुंबं राहतात, पांढरी काठी घेऊन डब्यात चढतात, किल्लीच्या साखळ्या, मोबाइलची कव्हरं विकतात, आणि आपण पाय बाजूला घेतो. काठी दिसते म्हणून. माझ्या मुलाच्या हातात काठी नाही. त्याला 'पुढचं स्टेशन कोणतं' एवढं सांगायला हवं असतं, पण ते न सांगताच लोक त्याच्याकडे बघत राहतात.

आता मुद्द्याकडे येते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे सहा ते अठरा वर्षांपर्यंत त्याला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरापर्यंत विशेष शाळा होती. सकाळी बस यायची, डबा असायचा, पंधरा ऑगस्टला कवायत असायची, बाई होत्या. अठरा पूर्ण झाले आणि शाळेने दाखला दिला. शाळेने फार जिव्हाळ्याने दिला, निरोपसमारंभ केला, बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो दप्तर घेऊन दारात उभा. बस येत नाही हे त्याला समजवायला मला पंधरा दिवस लागले. त्याच महिन्यात त्याची धाकटी चुलत बहीण कॉलेजला जायला लागली. त्याने माझ्याकडे एकच मागणं केलं, 'मला पण आय-कार्ड.'

त्याला गळ्यात अडकवायचं आय-कार्ड पाहिजे होतं. मी त्याच्यासाठी कॉलेज शोधायला निघाले.

एका महाविद्यालयात गेले, नाव घेत नाही. कायद्याप्रमाणे उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, वयातही पाच वर्षांची सवलत आहे. कार्यालयातल्या बाईंनी चहा दिला आणि विचारलं, 'बारावीची मार्कशीट?' बारावी काय, दहावीही नाही. राखीव जागा आहे, पण ती दाराच्या आत आहे आणि दार दहावी-बारावीचं आहे. मुक्त विद्यालयातून काही मुलं दहावी होतात. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर करावं. माझ्या मुलाला प्रकाश संश्लेषणाची व्याख्या पाठ करण्यात त्याची चार वर्षं घालवावी असं मला वाटलं नाही. त्या चार वर्षांत तो चहा करायला, तिकीट काढायला आणि आठवड्याचे पैसे आठवडाभर पुरवायला शिकू शकतो.

जगात याला काय करतात हे मी वाचत गेले. अमेरिकेत २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने अशा विद्यार्थ्यांसाठी कॉलेजच्या आवारातच वेगळ्या अभ्यासक्रमांना मान्यता मिळाली आणि सरकारी मदतही. पदवी नाही मिळत. पण ग्रंथालय, कँटीन, मैदान सगळ्यांचंच असतं आणि अभ्यास असतो राहण्याचा आणि कामाचा. इंग्लंडमध्ये २०१३ पासून कॉलेजांत एक अभ्यासक्रम आहे. त्यात मुलगा नावाला कॉलेजचा विद्यार्थी असतो, पण त्याचा बहुतेक वेळ खऱ्या कामाच्या जागी जातो. हॉस्पिटल, हॉटेल, नगरपालिका, दुकान. निदान सहा महिने. आणि त्याच्याबरोबर एक माणूस असतो, ज्याला ते जॉब कोच म्हणतात. मी त्याला 'सोबती' म्हणते.

ही कल्पना आली कुठून, ते सांगण्यासारखं आहे. १९९६ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात एरिन रील नावाच्या परिचारिका अपघात विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्याकडे सामानाची कपाटं भरून ठेवणारी माणसं टिकत नव्हती. काम कंटाळवाणं, पण हातमोज्यांचा खोका जागेवर नसेल तर रात्री दोन वाजता डॉक्टरचा जीव कासावीस. त्यांना वाटलं, हे काम नेमाने, त्याच क्रमाने, मन लावून करणारी माणसं असतातच की. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना त्यांनी तिथे आणलं आणि तिथेच शिकवलं. त्यातून उभा राहिलेला 'प्रोजेक्ट सर्च' आज कितीतरी देशांत चालतो. यात मला आवडलं ते असं की सुरुवात दयेतून झाली नाही. बाईंना कपाटं भरलेली हवी होती.

आपल्याकडेही काही शून्य नाही. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून आहे. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली, स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. शाळेनंतर काय, म्हणून पुढे तिथे कार्यशाळाही आली. आपल्याच लाइनवर, बदलापूरजवळ मूळगावला पालकांनी मिळून उभी केलेली 'आधार' आहे, डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे. या दोन्ही ठिकाणी मोठी झालेली मुलं राहतात. आईवडिलांना पडलेल्या 'आमच्यानंतर काय' या प्रश्नातून त्या जागा उभ्या राहिल्या. मी पंचेचाळीस, मुलगा एकोणीस. मी पंचाहत्तर होईन तेव्हा तो एकोणपन्नास असेल. हे गणित मी रात्री करते आणि मग संगणक उघडून ऑफिसचं काम करत बसते, कारण ते सुटण्यासारखं असतं. या संस्थांपुढे मी हात जोडते. पण त्या राहण्याच्या जागा आहेत. त्याच्या आधी, एकोणीस ते एकोणपन्नास, ही तीस वर्षं त्याने घरी बसून टीव्ही बघायचा का?

कार्यशाळा असतात. तिथे पणत्या रंगवतात, मेणबत्त्या, राख्या, उटण्याची पाकिटं, कागदी पिशव्या. दिवाळीत प्रदर्शन लागतं, आपण जातो, दोनशे रुपयांच्या पणत्या घेतो आणि बरं वाटतं. मीही घेते. पण मला खटकतं ते बोलते. आपण ती पणती चांगली आहे म्हणून घेत नाही. दुसरं, ही मुलं एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी सहज नेत नाहीत. कार्यशाळेच्या ओट्यावर चहा करायला शिकलेला मुलगा दुसऱ्या स्वयंपाकघरात उभा केला की पातेलं डावीकडे आहे म्हणून थांबतो. म्हणून 'आधी शिकवू, मग कामाला लावू' हा क्रम त्यांच्या बाबतीत बऱ्याचदा फसतो. तो वर्षानुवर्षं 'शिकत'च राहतो. प्रशिक्षणार्थी म्हणून चाळिशी गाठलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याऐवजी आधी जागा आणि मग त्या जागेवरच शिकवणं, हे जास्त टिकतं.

जुहूला कॅफे अर्पण आहे, कधी गेलात तर जाऊन या. सुषमा नगरकर आणि त्यांच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने ते २०१८ मध्ये सुरू केलं. त्याआधी डब्यांचं काम होतं. तिथे ऑर्डर घेणारी, सँडविच करणारी, टेबल पुसणारी बहुतेक माणसं स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम किंवा तशाच कारणाने इतर कुठे नोकरी न मिळालेली आहेत. नगरकरबाईंची स्वतःची मुलगी स्वमग्न आहे. मी गेले तेव्हा मला मदत करायला कोणी नव्हतं, गिऱ्हाईक होते मी, बिल दिलं, कॉफी चांगली होती. मला तेच बघायचं होतं. दुसऱ्यांदा मी कॉफीसाठी जाईन.

आता हे शिकवतात कसं, यावर थोडं रेंगाळते, कारण इथे माझ्या धंद्यातलं मला काही सापडलं.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचा एक संशोधक होता. ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असं संस्थांनी ठरवून टाकलं होतं, अशा माणसांना त्याने सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. मागच्या चाकाच्या आसातला ब्रेक, चौदा-पंधरा सुटे भाग. आपल्यापैकी किती जणांना जमेल? त्याने ते काम लहान लहान पायऱ्यांत तोडलं, फार कमी बोलला, आणि चुकलं तर 'चूक' न म्हणता 'दुसऱ्या तऱ्हेने करून बघ' एवढंच सांगितलं. त्याचं म्हणणं असं की शिकणारा शिकला नाही, तर शिकवणाऱ्याने पायरी बरोबर तोडली नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो. प्रोग्राम चालला नाही तर संगणकाला कोणी मंद म्हणत नाही, आपण आपल्या सूचना तपासतो. (गणिताच्या बाई, तुम्ही हसताय. तुम्ही फळ्यावर एकेक ओळ सोडवून दाखवायच्या आणि 'गाळलेली पायरी' म्हणून अर्धा मार्क कापायच्या. तेच हे.)

घरचं उदाहरण देते. 'जा, दूध घेऊन ये.' हे आपल्याला एक वाक्य वाटतं. मी आणि माझ्या वडिलांनी ते लिहून काढलं तेव्हा सव्वीस पायऱ्या झाल्या. चप्पल घाल. पिशवी घे. कडी लाव. फाटकाशी थांब. उजवीकडे बघ, डावीकडे बघ, रिक्षा गेली का बघ... दुकानात आधी उभा असलेला माणूस संपेपर्यंत थांब. 'दोन पिशव्या' म्हण. हातातल्या नोटा दे. परत मिळालेले खिशात ठेव. प्रत्येक पायरीचा फोटो काढला, त्याचं पुस्तक केलं. पहिला महिना आजोबा बरोबर. दुसरा महिना आजोबा वीस पावलं मागे. एक दिवस दुकान बंद. दुकानाबाहेर तो शांत उभा राहिला, कारण पुस्तकात दुकान उघडंच होतं. अशी वेळ येणार म्हणूनच आजोबा मागे होते. त्या दिवशी सत्ताविसावी पायरी आली: 'बंद असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात.' आणि अठ्ठाविसावी: 'तिथेही बंद असेल तर घरी ये.' आता तो एकटा जातो. सहा महिने लागले. माझ्या टीममध्ये सहा महिन्यांत याहून कमी काम झालेलं मी पाहिलंय.

पैशांचं मात्र अजून जमत नाही, आणि त्यात त्याचा दोष फारसा नाही. रुपयाचं नाणं आणि दोन रुपयांचं नाणं एकमेकांच्या इतकी जवळ आलीत की माझीही गफलत होते. त्यातून आता सगळे क्यूआर कोड दाखवतात. नोट दिली की ती हातातून गेलेली दिसते. फोनमधून गेलेलं काही दिसत नाही. त्याच्या हिशेबाने फोन म्हणजे कधी न संपणारा खिसा. आम्ही सोमवारी सात पाकिटं करतो, वारांची नावं लिहून. बुधवारच्या पाकिटातून मंगळवारी वडापाव खाल्ला की बुधवारी नाही. हे त्याला कळलं ते दिवाडकरांच्या वड्यामुळे, माझ्यामुळे नाही.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, तिचा विचार आपण सहसा करत नाही. 'नाही' म्हणणं. विशेष मुलांना आपण लहानपणापासून ऐकायला शिकवतो. मोठ्यांचं ऐक, बाईंचं ऐक, काकांचं ऐक. ऐकलं की शाबासकी. मग तो कोणाचंही ऐकतो. कोणी म्हणालं गाडीवर बस, बसतो. मोबाइल दे, देतो. मुलींच्या आया हे ऐकताना का गप्प झाल्यात ते मला समजतंय. जीवनकौशल्य म्हटलं की आपल्याला चहा करणं आठवतं, पण त्या यादीत पहिलं हे हवं: कोणी हात लावला, मागितलं, बोलावलं, तर मोठ्याने नाही म्हणायचं आणि घरी सांगायचं. तो आता मलाही नाही म्हणतो. बऱ्याच वेळा म्हणतो.

आमच्या क्षेत्राबद्दल एक सांगून टाकते, कारण कोणीतरी विचारेलच. सॅप या जर्मन कंपनीने २०१३ मध्ये स्वमग्न लोकांना नोकरीत घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला, त्याचे सुरुवातीचे प्रयोग बंगळूरच्या केंद्रात झाले. डेन्मार्कच्या एका वडिलांनी, थॉर्किल सोन यांनी, २००४ मध्ये मुलाच्या निमित्ताने 'स्पेशलिस्टर्न' ही कंपनी काढली आणि स्वमग्न तरुण सॉफ्टवेअर तपासण्याचं काम किती बारकाईने करतात हे दाखवलं. उत्तम काम आहे. पण त्यावरून 'ही मुलं म्हणजे संगणकातले जादूगार' असं जे पसरलंय, ते मला आवडत नाही. काहींना संगणक जमतो. बहुतेकांना जमत नाही, जसा आपल्यातल्या बहुतेकांना जमत नाही. कोणात तरी लपलेला हिरा आहे म्हणून त्याला काम द्यायचं, आणि हिरा नसलेल्यांना नाही, असं थोडंच आहे?

सोबती म्हणजे नक्की काय, हे मुंबईत समजवायला मला वेळ लागतो. भिसेगावात लागणार नाही. आपण सगळे बँकरच्या आवाजात झोपलेली माणसं. पुण्याची गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिन लागतं, बोरघाटाचा सदतिसात एकाचा चढ ढकलून देतं, लोणावळ्याला सुटतं आणि परत येऊन दुसऱ्या गाडीला लागतं. गाडी ओढायला तिचं स्वतःचं इंजिन पुढे असतंच. डेक्कन क्वीनलासुद्धा बँकर लागतं आणि म्हणून तिला कोणी कमी लेखत नाही. आता वंदे भारत बँकरशिवाय चढते, चढू दे. सोबतीने तेच करायचं. पहिले काही आठवडे रोज बरोबर, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा फोन. एक फरक आहे तो लपवत नाही. काही मुलांचा घाट संपत नाही. त्यांना सोबती कायम लागतो, थोडा तरी. त्यांनीही काम करावंच.

म्हणून मी आज मागायला उभी आहे. आपल्या बॅचने मेळाव्यासाठी वर्गणी काढली, काही शिल्लक आहे, आणि शाळेच्या फाटकावर कमान बांधावी असा ठराव फिरतोय. कमानीला माझा विरोध नाही. पण त्यातला अर्धा हिस्सा पहिल्या वर्षी एका सोबतीच्या मानधनासाठी द्यावा असं माझं म्हणणं आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत काम नाही असं कोणी म्हणू नये. शनिवार-रविवारी मुंबई इथे लोटते. आपल्यातल्या तिघांचे रिसॉर्ट आणि फार्महाऊस आहेत. तिथे चादरींच्या घड्या आहेत, उश्यांचे अभ्रे आहेत, नाश्त्याच्या बश्या आहेत. दोघांच्या रोपवाटिका आहेत. एकाचं मंगल कार्यालय, एकीचं मेडिकल, एकाचा छापखाना. भात संशोधन केंद्राच्या गावात आपण राहतो, रोपाला हात लावायला कोणाला शिकवावं लागत नाही. खोपोलीच्या कारखान्यांत कँटीन आहेत. मी नोकरी मागत नाही आज. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला दोन तास, तीन महिने, एक ठरलेलं काम, आणि तुमच्या माणसांपैकी एकाचं नाव, ज्याच्याकडे तो 'हे झालं, आता काय?' विचारायला जाईल. बाकी सोबती बघेल.

आणि पैसे द्यायचे. यावर मी अडून बसणार. 'त्याला काय कळतं पैशाचं' म्हणून चॉकलेट द्यायचं नाही. कमी तासांचे कमी द्या, पण द्या, आणि त्याच्या खात्यात द्या. खात्याचं सांगते, कारण ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्यांना उपयोग होईल. अठरानंतर कायद्याने तो सज्ञान. एका बँकेने आम्हाला सांगितलं, त्याची सही चालत नाही आणि तुमचीही चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा दाखला मिळतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो देते. म्हणजे आपल्याला अलिबाग. एक दिवस मोडतो, पण मूल अठराचं होण्याआधीच कागद गोळा करून ठेवा. यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर ते आधी काढा, बाकी सगळं त्यावर चालतं. त्याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. ज्यांना फॉर्म भरायचे आहेत त्यांनी रविवारी सकाळी आमच्या घरी या, प्रिंटर आहे, चहा आमचे चिरंजीव करतील.

मी तुम्हाला हे सोपं आहे असं सांगत नाही. कोणी गिऱ्हाईक तक्रार करेल. कोणी मुलगा तिसऱ्या दिवशी येणारच नाही म्हणेल. एखाद्याची आईच पाठवणार नाही, कारण 'लोक काय म्हणतील, आम्हाला दोन घास जड झाले का'. त्या आईशी मी बोलेन, ते माझ्याकडे. तुमच्याकडचा मुकादम म्हणेल, 'ताई, याला शिकवेपर्यंत माझं चार माणसांचं काम होतं.' त्याचं खरं आहे, पहिल्या महिन्यात होतंच. म्हणून तर सोबतीला पैसे द्यायचे आहेत, मुकादमाचा वेळ फुकट मागायचा नाही.

सोबती कोण, असं आत्ता पीटीच्या सरांनी खालून विचारलं. सर, त्याला डिग्री लागत नाही. धीर लागतो, कमी बोलता यायला लागतं, आणि त्याच्यासाठी काम स्वतः करून टाकायचा मोह आवरावा लागतो. शेवटचं सगळ्यात अवघड. विशेष शाळेतल्या एक निवृत्त बाई पहिल्या दोघातिघांना शिकवायला तयार आहेत. मला स्वतःला विचाराल तर निवृत्त शिक्षक चालतील, आणि आई अजिबात चालणार नाही. आई लगेच चमचा हातातून काढून घेते.

चहाच्या टेबलाजवळ एक निळी वही ठेवली आहे. तीत नुसतं नाव आणि 'शुभेच्छा' लिहू नका, कृपा करून. जागा, काम, किती वाजता, आणि कोणाला विचारायचं, एवढं लिहा. पहिली नोंद झालेली आहे. आपल्यातल्या रोपवाटिकावाल्याने सकाळीच लिहिली: सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठ ते दहा, पिशव्यांत माती भरणे, माळीदादांना विचारायचं. खाली कंसात लिहिलंय, गमबूट आणा, पाणी साचतं. गमबूट काल नेरळहून घेतले, आणि आत्ता बिर्याणीजवळ उभा आहे तो तेच घालून.